पायाळूची कंबर

माझा स्वभाव मुळातच संशयी. रिक्षावाल्यानं हसून 'बसा ताई' म्हटलं की मी आधी मीटर बघते. पण कंबर दुखायला लागली आणि या स्वभावाला पूर्णवेळ नोकरी लागली. कंबरदुखीत सूज नाही, ताप नाही, प्लास्टर नाही. दिसत काहीच नाही, म्हणून लोक दुखणाऱ्यावर संशय घेतात. आणि बरं करून देणारे इतके निघतात, की दुखणाऱ्यानं त्यांच्यावर संशय घेतल्याशिवाय गत्यंतर नसतं.

दोन हजार साल लागून वायटूकेची धामधूम संपली होती आणि पुण्यात जो तो कॉम्प्युटरमध्ये होता. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायचे. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम 'चालतो' असं तो छातीठोकपणे सांगतो, आणि तो चालत नाही हे सिद्ध करायचा मला पगार मिळायचा. हे काम मला घरी आणावं लागत नसे, ते माझ्या अंगातच होतं. आम्ही नवराबायको दोघं अमरावतीकडचे, कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी कंपनीच्या सुमोत मागच्या आडव्या बाकड्यावर बसून खड्डे मोजत जायचं, दिवसभर खुर्चीत, आणि संध्याकाळी तेच खड्डे उलट्या क्रमानं.

एका सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरली आणि वर उठताच येईना. तोंडात पाणी, हातात ब्रश, आणि मी काटकोनात. नवऱ्यानं आधी विचारलं, "काही पडलंय का खाली?" मग लक्षात आल्यावर धरून पलंगावर नेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "काही नाहीये." मी म्हटलं, "मग दुखतंय काय?" ते म्हणाले, "पायाला मुंग्या येतात का? बधिरपणा? नाही ना? मग काळजीचं कारण नाही. बसायचं काम आहे का? बसू नका." आणि एक पट्टा लिहून दिला. तो पट्टा बांधून मी ऑफिसला गेले, तर आमचा मॅनेजर, जो माझ्याहून वयानं लहान होता, म्हणाला, "रिलीजच्याच वीकला कसं काय होतं हे बॅक पेन? नाही, जस्ट विचारतोय." दुसऱ्या दिवसापासून मी पट्टा ड्रेसच्या आतून बांधायला लागले. त्यानं कंबरेला आधार मिळाला की नाही देव जाणे, घामोळं मात्र आलं.

मग एका सहकारी बाईनं घरी चहाला बोलावलं. चहा झाल्यावर तिच्या नवऱ्यानं चुंबकाची गादी काढली. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला एक तक्ताही काढला आणि त्यावर गोल काढून मला समजावायला लागला, की ही गादी आधी मी घ्यायची, मग माझ्याखाली दोघांनी घ्यायची, त्यांच्याखाली आणखी चौघांनी. कंबर माझी दुखत होती, आणि झोपायला मात्र अख्खं पुणं हवं होतं. मी चहाचा कप ठेवून उठले. उठताना चमक निघाली तेव्हा तो म्हणाला, "बघा, शरीर सांगतंय तुम्हाला!"

शेवटी एक फिजिओथेरपिस्ट बाई सापडली. तिनं गादी विकली नाही, तेल विकलं नाही, पट्टासुद्धा काढून टाकायला सांगितला. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळू उचलायची, गुडघे एकेक करून छातीशी घ्यायचे, खुर्चीतून अधूनमधून उठून चार पावलं चालायचं. कडक झाली कंबर तर गरम पाण्यानं आंघोळ करायची आणि तांब्यानं कंबरेवर धार धरायची. "आणि दुखेल, दुखेल म्हणून आखडून चालू नका. निम्मं त्यानंच दुखतं," असं ती म्हणाली. तिनं काहीच विकलं नाही, म्हणून सुरुवातीला मला तिचाच सगळ्यात जास्त संशय आला. पण व्यायाम करत राहिले आणि दुखणं मुंगीच्या पावलानं कमी व्हायला लागलं.

हे चालू असतानाच घरमालकांनी सांगितलं, की ते मुलीकडे बंगळूरला जाणार आहेत, फ्लॅट विकायचाय, तुम्ही घेता का? नवरा लगेच तयार. बँका तेव्हा घरासाठी कर्ज घ्या म्हणून मागे लागत होत्या. तो म्हणाला, "उजेड आहे, पाणी आहे, बसस्टॉप खाली आहे. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, "शेजार कळल्याशिवाय टोकन द्यायचं नाही."

"शेजार काय टेस्ट करून घेणार आहेस का?"

"हो," मी म्हटलं.

याला कारण होतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आणि पोरांना शिकवलं. पुण्यात कुणी तोंडावर काही बोलत नाही. पुणं फार सभ्य आहे. इथं वऱ्हाडातली आडनावं पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग 'कुलदैवत कुठलं हो तुमचं?' या कोथरूडच्या घराआधी आम्ही पलीकडच्या गल्लीत राहत होतो. तिथले मालक एकदा नळ बघायला म्हणून आत आले. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो त्यांनी पाहिला. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे कायमचे राहणारे पाहुणे येणार असल्याचं आम्हाला कळलं. आम्ही घर सोडल्यावर कितीतरी दिवस त्या खिडक्या बंदच होत्या. भाड्याच्या घरातून सामान उचलून जाता येतं. विकत घेतलेलं घर पाठीवर टाकून कुठं नेणार? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर पाणीसुद्धा फुंकूनच पीत होते.

आता आमचा शेजार म्हणजे एकच दार, समोरचं. त्यात एक काकू राहत. वय पासष्टच्या पुढं, नोकरीतून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगा अमेरिकेत. बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी भाजी घेऊन येताना दिसले की म्हणायच्या, "एवढी कोथिंबीर? लग्न आहे का घरात?" पण आम्ही ऑफिसात असताना दुधाच्या पिशव्या उचलून स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. गॅसवाला आला तर सिलिंडर उतरवून घ्यायच्या. वॉचमननं माझ्या स्कूटीपुढं गाडी लावू दिली तेव्हा त्याला त्यांनी असं झापलं, की तो आठवडाभर मला सलाम करत होता. बोलण्यात साखर नव्हती, पण वागण्यात खोट काढायला जागाही नव्हती.

फक्त एक गोष्ट होती. त्यांनी आमच्या हॉलमधला फोटो एकदा पाहिला होता, आणि त्यानंतर आमच्या घरचं त्यांनी काही खाल्लं नव्हतं. वैशाखातल्या पौर्णिमेला खीर दिली, तर म्हणाल्या, "आज माझा उपास." पुढं कधी पुरणपोळी नेली, तर चतुर्थी होती. कधी गुरुवार होता, कधी शनिवार, कधी एकादशी. मग मी मुद्दाम कॅलेंडर बघून, कुठलाच उपास नसलेला बुधवार निवडून वडे नेले. काकू म्हणाल्या, "तळलेलं झेपत नाही गं." आता तळलेलं खरंच झेपत नसेलही. पासष्टीच्या पुढं कुणाला झेपतं? पण मी टेस्टर होते. एकच बग, म्हणजे चूक, पुन्हापुन्हा येते तेव्हा तो योगायोग नसतो, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

नवरा म्हणाला, "तू वड्याची टेस्ट केस लिहिलीस?" आणि हसला. मला हसू आलं नाही. मला खरंच भीती वाटत होती. आयुष्यभराचं कर्ज काढून आपण एका बंद दारासमोर राहायला जातोय, असं वाटत होतं.

मला वाकून केर काढता येईना म्हणून आई गावाहून आली होती. आईला पुण्यात करमत नसे. ती जिन्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. एकदा काकू तिला म्हणाल्या, "मुलीची कंबर काय म्हणतेय?"

आई म्हणाली, "का सांगू बाई! माही पोरगी पायाळू हाय. लोकाईच्या कमरा बऱ्या करे लहानपणी, अन् आता तिचीच कंबर धरली."

मी आत पलंगावर गुडघे छातीशी घेऊन पडले होते, ते तसेच राहिले.

पायाळू म्हणजे जन्मताना डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आलेला. मी तशी झाले. कुणाच्या कंबरेत उसण भरली, म्हणजे एकदम चमक येऊन माणूस जागच्या जागी अडकला, की पायाळू माणसाचा पाय त्या जागेवर लावायचा, उसण उतरते, अशी समजूत. आजोबांनी देव सोडले, नवस सोडले, अंगारे-धुपारे सोडले. पण मी झाले तेव्हा वस्तीतल्या बायका मागच्या दारानं आजीकडे यायच्या, आणि आजी मला काखेत धरून माझा पाय त्यांच्या कंबरेला लावायची. आजोबा पुढच्या दारी पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. देव गेले, पण पायाळू काही गेलं नाही.

आई आत आल्यावर मी म्हटलं, "असलं काही सांगत जाऊ नकोस गं इथं. लोक काय म्हणतील?"

"काहून? खोटं हाय का?" आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी फोन वाजला. नवरा बँकेत गेला होता, कर्जाची चौकशी करायला. मी अजून हो म्हटलं नव्हतं, तरी गेला होता. मी फोन उचलला.

"मी बोलतेय, समोरून," काकूंचा आवाज. "गादी उन्हात टाकायला उचलली आणि उसण भरली. दार लोटलेलं आहे. ये जरा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पाय घेऊन ये."

मला पहिल्यांदा वाटलं, ही चेष्टा आहे. जिन्यातल्या दोन-चार बायका तिथं जमल्या असतील, आता कंपनीतल्या इंजिनिअर बाईची गंमत बघतील. मी दार ढकललं. कुणी नव्हतं. काकू जेवणाच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून वाकून उभ्या होत्या. केस सुटलेले, कपाळावर घाम. तसं मी आरशात स्वतःला पाहिलेलं होतं, त्यामुळे हे सोंग नाही एवढं कळलं.

मी म्हटलं, "काकू, डॉक्टरांना बोलावते. नाहीतर माझ्या फिजिओथेरपिस्टला फोन करू का? गरम शेक दिला तर…"

"ते सगळं नंतर. पाय लाव."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"विश्वास नाहीये. उसण आहे," काकू म्हणाल्या. "पाय धुतलेत का?"

आता हे कुणीही विचारील. बाहेरून आलेल्या माणसाला माझी आईसुद्धा विचारते. पण माझ्या कानात ते निराळं वाजलं. मी म्हटलं, "समोरच्या घरातून आलेय, शेतातून नाही." त्या म्हणाल्या, "बाथरूम डावीकडे." मी गेले. त्या घराच्या आत मी पहिल्यांदाच जात होते. देवघरासमोरून जावं लागलं. काकूंनी अडवलं नाही, वाकल्या वाकल्याच वाट दिली. बाथरूम स्वच्छ, कोरडं. बादली पालथी घातलेली. मी नळाखाली पाय धुतला, पुसायला काही दिसेना म्हणून तसाच ओला घेऊन आले.

"कुठला पाय?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? पायाळू तू."

मला आठवत नव्हतं. आजीनं कुठला लावला होता कोण जाणे. मी डावा उचलला, कारण उजवीकडे माझी स्वतःची चमक होती. एका हातानं फ्रिज धरला. माझी कंबर कुरकुरत होती, आणि मी एका पायावर उभी राहून दुसऱ्याची कंबर बरी करत होते. पावलाखाली सुती साडी लागली, साडीखाली आखडलेले स्नायू. माझ्या आजीला ज्या घरांच्या ओट्याला हात लावायची मुभा नव्हती, तसल्या घरातल्या बाईनं आपणहून माझ्यापुढं पाठ केली होती. आनंद म्हणावा तर तो नव्हता. मी पाय हळूच टेकवला आणि काढून घेतला. परत टेकवला.

मग काकू टेबलाला धरून इंच-इंच सरळ झाल्या. पायाळूचा गुण असेल, किंवा तेवढ्या वेळात आखडलेलं आपोआप सुटलं असेल. फिजिओथेरपिस्टला नंतर विचारलं तर ती म्हणाली, असं सुटतं. काकू म्हणाल्या, "झालं. जा आता. यात आभार मानायचे नसतात म्हणे."

मी घरी आले. आईला काही बोलले नाही. पण खरं सांगते, मन हलकं झालं होतं. टोकनचं हो म्हणून टाकावं असं माझ्या मनात आलं, आणि हात धुवायला मी बाथरूममध्ये गेले.

आमची आणि काकूंची बाथरूमं एकाच डक्टला, म्हणजे पाइपांच्या उभ्या बोळाला, लागून होती. वर काचांच्या पट्ट्यांची खिडकी. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. काकूंची आंघोळ सकाळी किती लवकर होते हे मला पाठ होतं. आणि आता भर दुपारी पलीकडे बादली भरत होती. मग गीझरचं बटण खट् वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग तांब्यानं पाणी अंगावर घेतल्याचा आवाज. एक तांब्या, दुसरा, तिसरा.

मी ओले हात तसेच धरून उभी राहिले.

नवरा आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, शेकासाठी असेल! तुलाच नाही का सांगितलं त्या फिजिओथेरपिस्टनं, गरम पाण्यानं आंघोळ करायची म्हणून? तूच त्यांना म्हणालीस ना, शेक द्या?"

हे बरोबर होतं. तेच तर वाईट होतं. कंबर दुखणाऱ्या बाईनं गरम पाण्याची आंघोळ केली, यात वावगं काय? आणि माझा पाय लागल्यावर दुसऱ्यांदा आंघोळ केली, हेही तितकंच खरं. पाणी तेच, तांब्या तोच. आवाजावरून कळणार कसं?

आई म्हणाली, "करे ना का आंघोळ. कंबर बरी झाली ना बाईची? मंग झालं तं."

"तुझं झालं असेल. मला इथं जन्म काढायचाय," मी म्हटलं. आवाज चढला होता. मला रडू येत होतं आणि ते यावं असं काही घडलं होतं का हेही माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, मालकांनी उद्यापर्यंत कळवायला सांगितलंय, दुसरं एक गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, थांब. आणि चपला न घालता समोर जाऊन बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. केस ओले नव्हते, पण साडी दुसरी होती.

"काकू, दुपारी आंघोळ केलीत?"

"केली."

"कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कंबर शेकायला. तूच म्हणालीस ना?"

मी दारातून हलले नाही. काकूंनी दाराची कडी उगाच खालीवर केली.

"आणि आमच्याकडे पाय लागला तर आंघोळ करतात," त्या म्हणाल्या. "कुणाचाही. ह्यांचा लागला तरी करायचे मी."

"काकू," मी म्हटलं, "नवऱ्याचा पाय लागला तर तुमच्याकडे नमस्कार करतात. एवढं मलाही माहितीय."

जिन्यात खालच्या मजल्यावरचा टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं आता काकू दार लावतील, आणि मग निदान सगळं स्पष्ट होईल. पण त्यांनी लावलं नाही.

"सवय गं," त्या म्हणाल्या. "आईनं लावलेली. विचार करून नाही केलं मी. बादली भरून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण हे कशासाठी करतोय."

"मग?"

"मग काय? भरलेली होती. गीझरही लावलेला होता." त्या खाली बघून म्हणाल्या, "केली."

मला राग आला, इतका की कानशिलं तापली. आणि त्याच वेळी, काय सांगू, हसू फुटायला आलं होतं. गरम केलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून पाळलेला विटाळ! हा असला हिशेब फक्त आमच्या या गावातच होऊ शकतो. मी परत फिरले. मागून त्यांचा आवाज आला, "खोटंही बोलता आलं असतं मला."

"बोललात की. दोनदा," मी म्हटलं आणि आमचं दार लावलं.

आत येऊन मी पलंगावर आडवी झाले. ठसठस होत होती, कंबरेत आणि इतर ठिकाणी. आजवर मला पुण्यात नुसती कारणं मिळाली होती: पाहुणे येणार होते, उपास होते, तळलेलं झेपत नव्हतं. मॅनेजर नुसतं जस्ट विचारत होता. डॉक्टरांना एक्स-रेत काही दिसत नव्हतं. मी सगळ्यांच्या बोलण्यामागचं शोधत बसायचे आणि शोधून शोधून आखडून जायचे. आज पहिल्यांदा कुणीतरी, दोनदा खोटं बोलून का होईना, तिसऱ्यांदा खरं काय ते माझ्या तोंडावर सांगितलं होतं. ते चांगलं नव्हतं. पण ते मला शोधावं लागलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "दे टोकन."

"टेस्ट पास झाली?" त्यानं भीतभीत विचारलं.

"नाही. नापास झाली. पण बग कुठं आहे ते कळलं."

फ्लॅट आम्ही घेतला. काकूंचं आणि माझं महिनाभर बोलणं नव्हतं. दुधाच्या पिशव्या मात्र त्यांच्या फ्रिजमध्ये जात राहिल्या, आणि मी बेल वाजवून त्या परत आणत राहिले. त्या पिशव्या द्यायच्या, मी घ्यायचे. माझी कंबर तोपर्यंत बरीच सुधारली होती. मी खाली वाकून बुटाची लेस बांधू शकत होते, आणि मॅनेजरला तोंडावर सांगू शकत होते की रिलीज असो वा नसो, मी तासातासानं उठून चालणार आहे.

मग एका रविवारी सकाळी परत फोन आला. "उसण," एवढंच काकू म्हणाल्या. मी गेले. या वेळी त्या दिवाणावर पालथ्या पडल्या होत्या, तोंड उशीत. मी आपणहून बाथरूममध्ये गेले नाही आणि त्यांनीही पायाचं विचारलं नाही. मी दिवाणाशेजारी उभी राहिले.

"आंघोळ झालीय की व्हायचीय?" मी विचारलं.

"झालीय. सकाळीच."

"बादली?"

"पालथी आहे," काकू उशीतून म्हणाल्या. "जाऊन बघ हवं तर."

मी गेले नाही. डावा पाय उचलला. या वेळी कशाला धरावं लागलं नाही, कंबर धड होती. आणि माझ्या मनात जे काही महिनाभर साचलं होतं, ते सगळं त्या पायात उतरलं. मी नुसता पाय लावला नाही. लाथ मारली. मोठी नाही, पण लाथच.

काकू कळवळल्या. मी घाबरले. "लागलं का काकू?"

"लागलं," त्या म्हणाल्या. मग उशीतून तोंड वर काढून म्हणाल्या, "बरं झालं."

कंबर बरी झाली, की लागलं ते बरं झालं, हे मी विचारलं नाही. मी तिथंच दिवाणाच्या कडेला बसले आणि त्यांना उठायला हात दिला.